गटाच्या यंत्रांचं पेट्रोल-ऑइल : आगोट ते मोहोर, २०२५

१० मे २०२५

आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, कामं निघाली. आमच्या बागायतदार गटाची यंत्रं पडवीतून काढून खळ्यात मांडली. टू-स्ट्रोक ग्रासकटर तीन, फोर-स्ट्रोक ग्रासकटर एक, पॉवर विडर एक, फवारणीचे इंजिनवाले पंप (एचटीपी) दोन, लहान जनरेटर एक. शिवाय तात्यांची चेनसॉ. ती गटाची नाही, पण दुरुस्तीला कायम गटाकडेच असते.

बैठकीत ठरलं की यंत्र कोणीही न्यावं, पण पेट्रोल आणि ऑइल एकाच जागेवरून सुटावं. ती जागा म्हणजे आमची पडवी, म्हणून ही वही. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात बाग बेणण्यापासून, म्हणजे गवत कापण्यापासून, मोहोरावरच्या फवारणीपर्यंत सगळं या लहान इंजिनांवर चालतं, आणि ती बंद पडतात ती बहुतेक वेळा टाकीतल्या मालामुळे. गेल्या दोन हंगामांत यंत्रांवर झालेला खर्च पाहिला तर निम्म्याहून जास्त कार्बोरेटर, पाइप आणि एका सिलिंडरवर गेला आहे. ब्लेडं आणि दोरी त्यामानाने स्वस्तात सुटली.

कोणाला काय लागतं ते आधी लिहून ठेवतो.

टू-स्ट्रोकला ऑइलची वेगळी टाकीच नाही. पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमधून, म्हणजे सिलिंडरखालच्या पेटीतून, जातात, मग सिलिंडरमध्ये. जाता जाता त्या पेट्रोलमध्ये जेवढं ऑइल असेल तेवढंच बेअरिंगला, कनेक्टिंग रॉडला आणि पिस्टनला मिळतं. तीनपैकी एका कटरच्या टाकीवर २५:१ छापलंय, म्हणजे लिटरभर पेट्रोलला ४० मिली ऑइल. बाकीच्या दोघांवर ५०:१, म्हणजे २० मिली.

फोर-स्ट्रोकमध्ये साधं पेट्रोल, ऑइल वेगळं, इंजिनाच्या तळाशी सम्पमध्ये. लहान ३५ सीसीच्या कटरला १०० मिली, म्हणजे औषधाची एक बाटली. विडर आणि एचटीपीच्या साडेपाच-साडेसहा हॉर्सपॉवरच्या इंजिनांना साधारण ६०० मिली. यांच्यात ऑइल पंप नाही आणि फिल्टरही नाही. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला एक चमचा असतो, तो दर फेऱ्याला ऑइल उडवतो. पातळी खाली गेली की चमच्याला ऑइल लागत नाही आणि वर कोरडं पडतं.

१४ मे

पत्र्याचे तीन कॅन आणले. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल द्यायला पंपावर नकार देतात आणि ते बरोबरच आहे. कायदा पाहून ठेवला: पेट्रोलियम कायदा १९३४, कलम ८. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, आणि धातूचं भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको. आमचे पाच-पाच लिटरचे आहेत. भरताना कॅन पिकअपच्या हौद्यात ठेवायचा नाही, खाली जमिनीवर ठेवायचा. स्थिर विजेची ठिणगी पडायला रबरी मॅट पुरते.

कॅन लहान घेण्यात आणखी एक हेतू आहे. जास्त साठाच नको. पाच लिटर आठ-दहा दिवसांत संपतं, म्हणजे शिळं होण्याआधी नवं येतं. "एकदाच वीस लिटर आणून ठेवू, फेऱ्या वाचतील," ही सूचना बैठकीत आली होती. फेऱ्या वाचतील, कार्बोरेटर वाचणार नाही.

१७ मे

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, यावर खळ्यात जोरदार चर्चा. एक म्हणे दहा टक्के, एक म्हणे निम्मं पाणीच घालतात. शेजारचा मुलगा बारावी सायन्सला आहे, त्याच्याकडून शंभर मिलीचा काचेचा मोजनळा आणला. त्यात खुणेपर्यंत ९० मिली पेट्रोल आणि वर १० मिली साधं पाणी. बूच लावून हलवलं आणि गडग्यावर सावलीत ठेवलं.

आधी सगळं दुधाळ झालं. थोड्या वेळाने खाली स्वच्छ थर बसू लागला, वर पिवळसर पेट्रोल. मधली रेघ दहावर थांबली नाही, सत्तावीस-अठ्ठावीसच्या मध्ये जाऊन थांबली. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं, म्हणून ते पेट्रोल सोडून खाली उतरलं. नव्वदातले सतरा-अठरा मिली, म्हणजे वीस टक्क्यांच्या आसपास. ई-२० म्हणतात ते हेच. वीस टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५-२६ वर आणलं, आणि आता आपल्याला पंपावर जे मिळतं ते हेच आहे. निम्मं पाणी म्हणणारे काका गप्प बसले, पण पटलेलं दिसलं नाही.

काही जण याच पद्धतीने इथेनॉल धुऊन काढून वरचं पेट्रोल वापरतात. आमच्याकडे ते करायचं नाही. इथेनॉलमुळे मिळालेला ऑक्टेन त्याबरोबर जातो, वरच्या पेट्रोलात ओल राहते, आणि खालचं ते पाणी कुठे ओतणार? विहिरीशेजारी?

२६ मे

पाऊस आला. काल देवगडला पोचला, आज मुंबईपर्यंत. मे महिन्यात मोसमी पाऊस! आगोट अर्धी राहिली. जळाऊ लाकडं भिजली ती भिजली, पण दोन कटर बागेतल्या मांगरात पत्र्याखाली होते ते आणायला धावपळ झाली. एकाच्या टाकीचं झाकण सैल होतं. ओतून घेतलं.

८ जून

मिक्स करायची पद्धत ठरवली आणि भिंतीवर लिहिली.

मेडिकलमधून सुईशिवाय २० मिलीची सिरिंज. लिटरला एक सिरिंज म्हणजे ५०:१, दोन म्हणजे २५:१. बाटलीच्या टोपणाने मोजायचं बंद. प्रत्येक कंपनीचं टोपण वेगळं. कॅनमध्ये आधी अर्धं पेट्रोल, मग सगळं ऑइल, हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवायचं. लाल दोरा बांधलेला कॅन २५:१ चा, हिरवा दोरा ५०:१ चा, बिनदोऱ्याचा साध्या पेट्रोलचा. टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकच्या, ऑइलमध्ये मुद्दाम रंग घातलेला असतो, तेव्हा काचेच्या ग्लासात घोटभर ओतून पाहिलं की मिक्स आहे की साधं ते कळतं. दोऱ्यावर विश्वास ठेवू नये, ग्लासावर ठेवावा.

तात्यांचं म्हणणं, "थोडं जास्तच घाल रे, इंजिन थंड राहील." लुना आणि जुन्या स्कूटरच्या काळातली ही समजूत आहे, पंपावर टू-टी मारून घ्यायचे तेव्हाची. कार्बोरेटरच्या जेटमधून ठरलेलं द्रावणच जातं. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी, म्हणजे मिश्रण उलट थोडं पातळ होतं, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. वर सायलेन्सरच्या भोकाला काजळी धरते आणि एक दिवस कटर जोरच घेत नाही. छापलंय तेवढंच घालायचं. तात्यांना सांगितलं, "तुमच्या सॉला तुम्ही घाला, गटाच्या कॅनला नको." ते हसले आणि सिरिंज माझ्याच हातात दिली.

२ जुलै

वाडीतून एक ५०:१ वाला कटर परत आला. सुरू होतो, दोन मिनिटं चालतो, मरतो. नेणाऱ्याने दोरी ओढून ओढून खांदा धरला होता.

टाकी काचेच्या बरणीत ओतली आणि ती उजेडात धरली. खाली दोन बोटं पाण्यासारखा थर, किंचित गढूळ. वर निळसर-हिरवट पेट्रोल. मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. लहान इंजिनाच्या पेट्रोल-ऑइलची जी काही भानगड आहे ती सगळी या बरणीत आहे.

ई-२० थोडंफार पाणी पोटात घेतं आणि दिसू देत नाही. जुन्या पेट्रोलमध्ये थेंब पडला की तळाशी लगेच मणी दिसायचा, आता दिसत नाही. पण पोटाची मर्यादा संपली, किंवा रात्री गारवा येऊन ती मर्यादाच खाली आली, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतं. ऑइल मात्र पाण्यात जात नाही. ते वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. आणि टाकीतला पाइप, टोकाला जड गाळणी बांधलेला, कुठे पडलेला असतो? तळाला.

म्हणजे इंजिन जे ओढतं त्यात ऑइलचा टिपूसही नाही. माणसाने माप चोख घातलेलं, मिक्स बरोबर, तरी क्रँककेसमध्ये कोरडा अल्कोहोल जातोय. हा कटर दोन मिनिटांत मेला ते नशीब. पाणी कमी असतं तर चालत राहिला असता आणि पिस्टन घेऊनच थांबला असता.

पाणी आलं कुठून, यावर खूप बोलणं झालं. हवेतली ओल इथेनॉल ओढून घेतं हे खरं, पण टाकीच्या हवेच्या बारीक भोकातून एका आठवड्यात दोन बोटं पाणी येत नाही. कटर बांधावर झाडाखाली उभा होता, पावसात, झाकणावर पालापाचोळा. पाणी सरळ झाकणातूनच गेलं.

५ जुलै

सायलेन्सर काढून भोकातून पिस्टन पाहिला. उभे बारीक ओरखडे आहेत, एक्झॉस्टच्या बाजूला, पण रिंग मोकळी आहे. नखाला ओरखडा लागत नाही. चालेल. टाकी, पाइप, गाळणी ताज्या मिक्सने धुतली. कार्बोरेटर उघडला तर आतला रबरी पडदा कडक झालेला. बोटाने दाबला की वाकण्याऐवजी टिकटिक आवाज. हा पडदाच क्रँककेसच्या दाबावर हलून पेट्रोल ओढतो, तो कडक झाला की इंजिन उपाशी राहतं. पडद्याचं किट बदललं. पेट्रोल वर खेचायला दाबतात तो प्रायमरचा बुडबुडाही बदलला, पाइप चिकट झाला होता तोही. यंत्राच्या पुस्तिकेत इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंत चालेल असं छापलंय. पंपावर वीस आहे. यात यंत्राचा दोष नाही आणि आपला तर नाहीच, पण पाइप आणि किट आपल्यालाच बदलावं लागणार. यापुढे इथेनॉलला टिकणारा पाइप मागायचा आणि एक किट घरात ठेवायचं.

नियम: काम संपलं की टू-स्ट्रोकची टाकी ओतायची, मग इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. मिक्स त्या त्या दिवसापुरतंच करायचं, आणि महिना झालेलं मिक्स यंत्रात घालायचं नाही.

२७ जुलै

टू-टी ऑइल संपलं, तालुक्याला गेलो. दुकानात चार प्रकार. बाटलीच्या मागे जासो या जपानी मानकाचं अक्षर बघायचं: एफबी, एफसी, एफडी. एफसीत धूर कमी, एफडीत शिवाय पिस्टन जास्त स्वच्छ राहतो. एफडी मिळालं, घेतलं. लिटरला २० मिलीच जातं, तेव्हा ऑइलच्या किमतीवर घासाघीस करण्यात अर्थ नाही. पेट्रोल शंभराच्या वर गेलंय, त्यापुढे हे किरकोळ.

दुकानदार म्हणाला, होडीवाले नेतात ते घ्या, स्वस्त पडेल. त्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलं होतं. ते आउटबोर्ड मोटरसाठी, पाण्याने थंड होणाऱ्या. आमचा कटर हवेने थंड होतो, तोही गवताची भुकटी अडकलेल्या पंख्यांतून. त्याची उष्णता वेगळी. नाही घेतलं.

चेनसॉच्या पात्यासाठी वेगळं चिकट ऑइल घेतलं. तात्या त्यात गाडीचं काढलेलं काळं ऑइल घालतात. त्यात धातूची भुकटी असते आणि कापताना सगळं ते अंगावर आणि आंब्याच्या बुंध्यावर उडतं. या वादात मी हरलो आहे.

१६ ऑगस्ट

लावणी आटोपली, नारळी पौर्णिमा झाली, बेणणी जोरात. तीनही टू-स्ट्रोक रोज बाहेर. गवत छातीपर्यंत.

२५:१ वाला फुल रेसला किंचाळतो आणि लोडला बसतो. प्लग काढला: टोक पांढरंफटक. मिश्रण पातळ. साध्या पेट्रोलच्या एका किलोला जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च. ई-२० साठी ते गणित साडेतेराच्या जवळ येतं. इंजेक्शनची मोटारसायकल सेन्सरवरून आपोआप पेट्रोल वाढवते. या कार्बोरेटरला ते कळत नाही, तो जुन्या मापानेच देतो, हवा उरते आणि इंजिन तापतं. ऑइलच्या दोन-चार मिलीच्या वादापेक्षा हा फरक कितीतरी मोठा, पण याबद्दल कोणी भांडत नाही.

'एच' लिहिलेला स्क्रू पाव फेऱ्यापेक्षा कमी उघडला. आता लोड नसताना फुल रेसला किंचित फडफडतो, लोड आला की साफ होतो. संध्याकाळी प्लग कॉफीच्या रंगाचा. सिलिंडरच्या पंख्यांतली गवताची वळकटी काडीने काढली, फोमचा एअर फिल्टर साबणाने धुतला.

उतारावरच्या बागेत मात्र फोर-स्ट्रोक कटर हवा. आवाज कमी, मिक्सची कटकट नाही. ३५ सीसीचा हा कसाही वाकवला तरी चालतो. विडरचं तसं नाही. त्या जातीच्या इंजिनांना साधारण वीस अंशांपर्यंतच तिरपं चालवायची मुभा असते. त्याहून जास्त कलला की चमच्याला ऑइल सापडत नाही.

९ सप्टेंबर

गणपती गेले, चाकरमानी परतले, आणि विडर निळा धूर सोडत परत आला. कोणीतरी सद्भावनेने ऑइल 'टॉप' केलं होतं. मोटारसायकलच्या ऑइलची बाटली ९०० मिलीची येते, सम्पला ६०० लागतं, आणि बाटली उघडली की संपवायचीच ही आपली सवय. जादा ऑइल ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये गेलं, फिल्टर तेलकट, कार्बोरेटरला हवा नाही.

विडर खळ्याच्या सपाट चिऱ्यावर ठेवला. पातळी बघताना दांडी पुसून नुसती आत टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. होंडाच्या जीएक्ससारख्या इंजिनांना असंच बघतात. फिरवून बघितलं की दांडी खोल जाते, आकडा जास्त दिसतो, आणि ऑइल कमी असूनही 'भरलंय' वाटतं. जादा काढून घेतलं, फिल्टर धुतला. विडर ठीक.

त्याच आठवड्यात दुसरी गंमत. हिरव्या कॅनमधलं मिक्स कोणीतरी फोर-स्ट्रोक कटरमध्ये ओतलं. तो दिवसभर धुरकट चालला, प्लग काळा झाला, बाकी काही नाही. त्याचा कोणी धसका घेऊ नये. पण बिनदोऱ्याचं साधं पेट्रोल टू-स्ट्रोकमध्ये गेलं तर काही मिनिटांत सिलिंडर. म्हणून शंका आली तर मिक्सच घाला, असं भिंतीवर खडूने लिहिलं.

फोर-स्ट्रोकच्या ऑइलच्या ग्रेडचा, म्हणजे घट्टपणाच्या आकड्याचा, प्रश्न निघाला. पुस्तिकेत एसएई १०डब्ल्यू-३०. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन आपल्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनांबद्दल लिहितं की २७ अंशांच्या वर १०डब्ल्यू-३० वापरलं तर ऑइल जास्त खपू शकतं, पातळी वरचेवर बघा. आपल्याकडे २७ अंश म्हणजे पहाटेचं तापमान! एसएई ३० तालुक्याला शोधावं लागतं, २०डब्ल्यू-४० कोपऱ्यावर मिळतं. इथे थंडीत सुरू न होण्याची भीती नाही, म्हणून एचटीपी आणि विडरला मी एसएई ३० मिळेल तेव्हा ते, नाहीतर २०डब्ल्यू-४०. जनरेटर अजून वॉरंटीत आहे, त्याला पुस्तिकेतलंच.

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली तरी पाऊस जात नाही. कापलेलं भात भिजलं, त्याबद्दल या वहीत काय लिहिणार.

जनरेटर पाहिला. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरी साय. घरातल्यांनी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालवून बंद करायचा रिवाज पाळला होता, वहिनींनी अगदी वेळेवर. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही, जळलेल्या वायूतलं पाणी ऑइलमध्ये राहून जातं, थोडं पेट्रोलही. ऑइल बदललं. पुढे महिन्यातून एकदा, पण अर्धा तास, आणि पंप किंवा इस्त्री लावून.

कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू उघडून पेट्रोल बशीत घेतलं. हिरवट, वार्निशसारखा वास. हे वाटीत राहून वाळतं आणि आधी आयडलचं सुईएवढं भोक बंद करतं. मग यंत्र चोकवरच चालतं आणि लोक म्हणतात प्लग गेला. यंत्र बरेच दिवस उभं राहायचं असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी, एवढंच काम आहे.

२३ नोव्हेंबर

पालवी कडक झाली, मोहोर डोकावतोय, एचटीपी बाहेर. दोन्हींचं ऑइल गरम असताना काढलं, म्हणजे गाळ त्याबरोबर येतो. काळं होतं, ते चालायचंच. चिकट होतं आणि त्यात धातूची चकाकी नव्हती, हे महत्त्वाचं. काढलेलं ऑइल कॅनमध्ये, ते तालुक्याच्या गॅरेजला जाईल. गडग्याच्या खांबांना फासायला मागायला आले होते, दिलं नाही. खाली विहीर आहे.

नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल २० तासांनी, मग दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, असं या जातीच्या इंजिनांना सांगतात. पण तास कोण मोजतो? पाच जणांच्या बागेत पंप फिरतो, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. फवारणीच्या मध्यम लोडला आमचे एचटीपी तासाला लिटरभर पेट्रोल घेतात, तेव्हा शंभर लिटर म्हणजे ढोबळ मानाने शंभर तास. पाच लिटरचा कॅन पडवीतूनच जातो. प्रत्येक कॅनला यंत्राच्या नावापुढे एक रेघ, वीस रेघा झाल्या की ऑइल. मोहोराच्या दिवसांत धूळ आणि औषधाची फवार फार, म्हणून मी पंधरा रेघांनाच बदलणार.

पहिला कॅन आज सकाळी गेला. रेघ मारली.